लग्नाचे सगळे फोटो पाठ, सुदान मात्र सापडेना

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 41 वर्षांच्या, पिंपरीत एका कंपनीत अकाउंट्सला. कामावर जाता-येता बसमध्ये आणि रात्री झोपण्याआधी मिळून रोज तास-दीड तास मोबाइलवर जातो. त्यातला बहुतेक वेळ कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, विमानतळावर कोण काय घालून उतरलं यातच. अंबानींच्या घरच्या लग्नात कोणत्या दिवशी कोणी काय नेसलं होतं हे आजही तोंडपाठ आहे. मध्यंतरी आठवीतल्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी "आई, सुदानमध्ये युद्ध कशावरून चाललंय?" असं विचारलं, तेव्हा सुदान नकाशावर कुठे हेही सांगता येईना. रोज रात्री नऊची चर्चा पाहणारा नवरा मुलासमोर म्हणाला, "आईला नको विचारूस, तिला फक्त नट्यांच्या भानगडी ठाऊक." त्यानंतर इन्स्टाग्राम दोनदा काढलं, दोनदा परत घेतलं. जगाच्या बातम्या पाहायच्या ठरवल्या तर गाझातल्या मुलांचे व्हिडिओ समोर आले आणि दोन रात्री झोप लागली नाही. माहेरी वरुडला वडिलांची संत्र्याची बाग आहे, तिथे भाव पडल्याची काळजी आहेच, "त्यात जगाची काळजी कुठे करत बसू?" शेवटी त्या विचारतात: "मी उथळ आहे का? आणि हे बंद कसं करू?"

ताई, "हे बंद कसं करू" हा प्रश्न तुमचा आहे. "मी उथळ आहे का" हा मात्र त्या दिवशी तुमच्या पदरात टाकला गेला आणि तुम्ही तो निमूट बांधून घेतलात. तेव्हा आधी तोच सोडवू.

नऊच्या चर्चेत आठ चौकोनांत आठ माणसं एकमेकांवर ओरडतात, त्यातून जगाबद्दल नेमकं काय कळतं? भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, 8 मे 2025 च्या रात्री, अनेक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. बंदर जागच्या जागी होतं. त्या रात्री जो लवकर झोपला त्याच्या डोक्यात सकाळी निदान एक खोटी बातमी कमी होती. त्याच वर्षी जूनमध्ये ट्रम्प आणि मस्क यांचं जाहीर भांडण झालं, तेव्हा कोण कोणाला काय म्हणालं याचेच तासन् तास कार्यक्रम झाले. पाटी 'आंतरराष्ट्रीय'ची, पण सांगण्याची तऱ्हा नटनटीच्या ब्रेकअपचीच. क्रिकेटपटूचा घटस्फोट क्रीडा पानावर आला की तो खेळ होतो. 'भानगडी' हा शब्द राखून ठेवलाय तो बायकांच्या वाचनासाठी.

हे घरी जाऊन नवऱ्याच्या तोंडावर फेका, असं सांगत नाही. मुलासमोर मारलेला टोमणा हा बातम्यांचा विषयच नाही. तो दोघांनी, मुलगा नसताना, वेगळा बोलायचा. इथे मुद्दा एवढाच की 'सिनेमा म्हणजे हलकं आणि राजकारण म्हणजे वजनदार' ही वाटणी फसवी आहे. बातमी वाचून झाल्यावर नुसतं 'काय झालं' कळलं, की 'कशामुळे झालं' हेही कळलं, एवढं स्वतःला विचारून पाहा. या कसोटीवर नऊची चर्चाही बहुतेक रात्री नापास होते.

तुमच्या ऑफिसातल्या डब्याच्या वेळेबद्दल पत्रात एकच ओळ आहे: "आमच्या टेबलावर हेच विषय असतात." या ओळीची लाज वाटू देऊ नका. कोणा नटीच्या घटस्फोटावर बोलताना चार बायका पोटगी, सासर, मुलांचा ताबा, स्वतःच्या नावावरचं घर यांवर बोलून घेतात, आणि कोणालाही स्वतःचं नाव घ्यावं लागत नाही. गावातल्या पाणवठ्यावर हेच चालायचं, फक्त तेव्हा पात्रं गल्लीतली असायची. माणसं दुसऱ्यांबद्दल बोलत बोलत आपले नियम ठरवतात. त्या टेबलावरून उठून जाण्याची काही गरज नाही.

अडचण दिवसाच्या त्या तास-दीड तासात आहे, आणि तो तुम्ही समजता तसा तुम्ही निवडलेला नाही. विमानतळाबाहेर काढलेल्या वीस सेकंदांच्या व्हिडिओला खर्च जवळजवळ नसतो. कोण कधी उतरणार हे अनेकदा त्या ताऱ्याच्या प्रसिद्धीवाल्यांकडूनच कळवलं जातं. काही इंग्रजी मनोरंजन पुरवण्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात 'जाहिरातवजा मजकूर' अशा अर्थाची ओळ असते, भिंग घेऊन वाचावी अशी. उलट सुदानला एक बातमीदार पाठवायचा तर व्हिसा, विमा, दुभाषा, गाडी, आणि एवढं करून परतलेली बातमी वाचणारे थोडे. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूज या दोन अभ्यासकांनी 1965 मध्ये नॉर्वेच्या वृत्तपत्रांतल्या काँगो, क्युबा आणि सायप्रसच्या बातम्या तपासल्या होत्या. परदेशातली घटना छापून येण्याची शक्यता कशाने वाढते, तर ती एखाद्या बड्या व्यक्तीभोवती फिरत असेल, सरळ कळणारी असेल आणि आपल्या ओळखीच्या जगातली असेल तर. साठ वर्षांनंतर मोबाइल बदलला, हे नाही बदललं.

यातली ओळखीची गोष्ट पकडून ठेवा, कारण उपाय तिथेच आहे. एखाद्या नटीची बातमी तुम्हाला पटकन कळते, कारण तुम्हाला तिची आधीची दहा वर्षं ठाऊक आहेत. पहिलं प्रेम, आपटलेला सिनेमा, सासूचा स्वभाव. आजची बातमी म्हणजे चालू मालिकेचा नवा भाग. सुदानची बातमी तुमच्यासमोर येते ती थेट तीनशेव्या भागापासून. पात्रांची नावं उच्चारता येत नाहीत, कोण कोणाचा कोण ते माहीत नाही. अशी मालिका कोणीही बंद करील. मन न लागण्याचं कारण एवढंच आहे, बुद्धीचा त्यात संबंध नाही.

तेव्हा सगळं जग कळून घ्यायचा नाद सोडा आणि एकच देश धरा. तुमच्यासाठी तो कोणता, हे तुमच्या पत्रातच आहे, फक्त तुम्ही ते काळजीच्या रकान्यात लिहिलंय.

वरुड-मोर्शीकडची संत्री. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, सोलायला सोपं, पण लांबच्या प्रवासात दबणारं. युरोपच्या बाजारात घट्ट सालीच्या फळांपुढे ते टिकत नाही. म्हणून रस्त्याने जाणारं आणि खपणारं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे प्रामुख्याने बांगलादेश. 2019 च्या सुमारास तिथे किलोमागे आयात शुल्क 20 रुपयांच्या आसपास होतं, 2023 पर्यंत ते 88 च्या घरात गेलं. का? शुल्क त्याआधीही चढत होतं, पण फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल 100 डॉलरच्या वर गेलं. तेल आणि गॅस बाहेरून आणणाऱ्या बांगलादेशाचे डॉलर झपाट्याने संपू लागले. एका डॉलरला 2022 च्या सुरुवातीला 86 टका पडत होते, 2023 अखेर 110. डॉलर वाचवायला सरकारने गरजेच्या नसलेल्या वस्तूंवरचे कर वाढवले, आणि त्या यादीत फळं बसली. 2023 च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 4.7 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं, इतकी ओढाताण होती. तिकडे जाणारा माल इकडेच राहिला, इथल्या बाजारात आवक वाढली आणि भाव बसले. फळगळ आणि जवळपास पुरेसे प्रक्रिया उद्योग नसणं हीही कारणं आहेत, सगळं ढाक्याच्या माथी मारून चालणार नाही. पण कीव्हवर पडलेल्या क्षेपणास्त्रापासून तुमच्या वडिलांच्या आंबिया बहाराच्या संत्र्यांपर्यंत एक धागा जातो आणि तो मधे कुठे तुटत नाही.

आणखी एक. तुम्हाला पाठ असलेलं ते लग्न 12 जुलै 2024 चं. चारच दिवसांनी, 16 जुलैला, बांगलादेशात नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनात पहिले बळी गेले. त्यानंतर वीस दिवसांत, 5 ऑगस्टला, पंधरा वर्षं सत्तेवर असलेल्या शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. सीमेवर मालाच्या गाड्या खोळंबल्या, त्यात नाशिकचा कांदाही होता. हे तुम्हाला मागे पडल्याची खूण म्हणून दाखवत नाही. लग्नाची तारीख तुमच्या डोक्यात पक्की आहे ना? तिलाच दोरा बांधा. जुलै 2024 म्हटलं की आता दोन्ही आठवतील.

आता मुलाच्या प्रकल्पाचं. सुदान त्याला असा सांगता येईल: इजिप्तच्या खाली, तांबड्या समुद्राच्या काठचा देश. निळी नाईल आणि पांढरी नाईल जिथे मिळतात तिथे राजधानी खार्टूम. 1989 पासून 30 वर्षं ओमर अल-बशीर यांची हुकूमशाही होती. पश्चिमेच्या दार्फुर भागातलं बंड मोडायला त्यांनी तिथल्याच उंट आणि घोड्यांवरच्या टोळ्यांना शस्त्रं दिली, आणि त्या टोळ्यांतून पुढे आरएसएफ नावाचं वेगळं सशस्त्र दल उभं राहिलं. म्हणजे एका देशात दोन फौजा झाल्या. 2018 च्या अखेरीपासून लोक रस्त्यावर उतरले, 2019 मध्ये बशीर गेले. ऑक्टोबर 2021 मध्ये लष्करप्रमुख बुरहान आणि आरएसएफचे प्रमुख दगालो, ज्यांना सगळे हेमेदती म्हणतात, या दोघांनी मिळून अंतरिम सरकार उलथवलं. मग ठरेना की आरएसएफ लष्करात कधी विलीन व्हायची आणि कोणी कोणाच्या हाताखाली राहायचं. 15 एप्रिल 2023 ला खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. तेव्हापासून एक कोटीहून जास्त माणसांना घर सोडावं लागलं. तिथे अडकलेल्या 3,862 भारतीयांना 'ऑपरेशन कावेरी'त, मुख्यतः पोर्ट सुदान आणि जेद्दामार्गे, बाहेर काढलं गेलं.

ही भाऊबंदकीची गोष्ट तो पाच मिनिटांत लक्षात ठेवील. मात्र दोन सेनापतींच्या भांडणावर प्रकल्प संपवू नका, नाहीतर तीही सेलिब्रिटी बातमीच होईल. भांडण कशावर पोसलं जातंय हे एका परिच्छेदात हवं: सोन्याच्या खाणी आणि बाहेरून येणारी शस्त्रं. आणि हातात धरून दाखवायला काही हवं असेल तर कोल्ड्रिंकची बाटली चालेल. शीतपेयांत आणि चॉकलेटच्या गोळ्यांच्या चकचकीत कवचात जो अरबी डिंक वापरतात, त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक सुदान आहे. बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा चीक तो.

मोबाइलकडे वळू. ॲप काढून टाकणं दोनदा फसलं, ते तिसऱ्यांदाही फसेल, कारण त्याच ॲपवर तुमच्या बहिणीचे आणि ऑफिसच्या मैत्रिणींचे फोटो आहेत. ॲप राहू द्या, शिफारशी पुसा. इन्स्टाग्राममध्ये प्रोफाइलवर जाऊन कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा, 'कंटेंट प्रेफरन्सेस'मध्ये शिफारशी रीसेट करण्याचा पर्याय मिळेल. तिथेच सुचवलेल्या पोस्ट 30 दिवस बंद ठेवता येतात, तेही करा. रीसेटनंतरचे पहिले आठ दिवस महत्त्वाचे, कारण यंत्र नव्याने शिकत असतं. गडबड इथेच होते: माणसं नको असलेल्या व्हिडिओवर थांबतात, वैतागून खाली "बंद करा हे" असं लिहितात आणि यंत्राला तोही रसच वाटतो. न थांबता पुढे सरकायचं, किंवा तीन ठिपके दाबून 'रस नाही' निवडायचं. यूट्यूबवर पाहिल्याची नोंद, म्हणजे वॉच हिस्टरी, पुसून बंद केली की मुखपृष्ठावरच्या शिफारशी जातात. गुगल ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्कव्हर' बंद केलं की बोट उजवीकडे सरकलं म्हणून समोर येणाऱ्या "नाव वाचून थक्क व्हाल" छापाच्या बातम्या थांबतात.

अशी एखादी बातमी एकदा उघडून मोजूनच पाहा. शीर्षकात नाव नाही. पहिल्या परिच्छेदात शीर्षकच पुन्हा. दुसऱ्यात त्या नटीचा पहिला सिनेमा. मग जाहिरात. चौथ्यात एकदाचं एक वाक्य, तेही तिच्याच इन्स्टाग्राम स्टोरीवरून उचललेलं. पाचव्यात "चाहत्यांनी प्रतिक्रिया दिल्या." सतरा सेकंदांची माहिती आणि तुमची तीन मिनिटं. हे एकदा हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलंत की पुढच्या वेळी अंगठा आपोआप अडेल.

तरीही सिनेमाच्या बातम्यांना वेळ ठेवा, सकाळच्या बसमधली वीस मिनिटं. पूर्ण बंदी घातली की रात्री अकराला तहान लागते. संध्याकाळच्या बसमध्ये, आठवड्यातून दोनच दिवस, बांगलादेश. रोज नको. रोजच्या बातमीत अर्धं काम कालचंच असतं. पहिले दोन आठवडे ताजी बातमी वाचूच नका, फक्त पार्श्वभूमी वाचा: 1971, अवामी लीग आणि बीएनपी (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) हे दोन पक्ष आणि त्यांमागची दोन घराणी, तयार कपड्यांची निर्यात, तीस्ता नदीचं पाणी. बीबीसी मराठीवर असे समजावून सांगणारे लेख मिळतात, आणि ऑफिसात इंग्रजी वापरत असाल तर ढाक्याचं 'द डेली स्टार' तिथलं म्हणणं तिथूनच सांगतं. एका वहीत तारीख घालून तीन ओळी: काय झालं, कशामुळे झालं, मला काय कळलं नाही. तिसरी ओळ सर्वांत उपयोगाची, पुढच्या वेळचं वाचन तीच ठरवते. दोन महिन्यांत दहा-पंधरा नावं ओळखीची होतील आणि मग मालिका लागेल.

गाझाचे व्हिडिओ पाहून झोप उडाली, यात तुमचं काही चुकलं नाही. ती दृश्यं पाहून झोप लागली असती तर काळजीची गोष्ट होती. पण पाहणं म्हणजे कळणं नव्हे, आणि न पाहणं म्हणजे पाठ फिरवणंही नव्हे. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या 2024 च्या पाहणीत जगभरातल्या 39 टक्के लोकांनी आपण कधी ना कधी, किंवा बरेचदा, बातम्या टाळतो असं सांगितलं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. युद्धाची बातमी वाचा, पाहू नका. अक्षरांत ती तुमच्या गतीने येते, व्हिडिओत ती तुमच्यावर कोसळते. रात्री साडेआठनंतर तीही नको. आणि व्हॉट्सॲपवर युद्धाचा व्हिडिओ आलाच तर त्यातलं एक चित्र गुगल लेन्सवर टाकून ते आधी कुठे आलंय का ते पाहा. 'आर्मा 3' नावाच्या व्हिडिओ गेममधली दृश्यं युक्रेन, गाझा आणि मे 2025 च्या संघर्षातही खरी म्हणून फिरली आहेत.

ज्यांचं माहेर वरुडला नाही अशा वाचकांनी आपला देश आपल्या घरात शोधावा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं असतील तर तांबडा समुद्र: 2023 च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, साधारण दोन आठवडे जास्त, आणि नाशवंत मालाला दोन आठवडे म्हणजे काय ते बागायतदाराला सांगायला नको. खेड-चिपळूणकडे घरातलं कोणी आखातात असेल तर कुवेत किंवा ओमान. यातलं काहीच नसेल तर तेलाचा डबा आहेच. इंडोनेशियाने 28 एप्रिल 2022 ला पामतेलाची निर्यात रोखली आणि 23 मेला पुन्हा सुरू केली, त्या साडेतीन आठवड्यांत आपल्याकडच्या किराणा दुकानांत काय चाललं होतं ते आठवून पाहा.

नवऱ्याला यात घ्यायचं असेल तर वाद न घालता एक काम द्या. एका रात्री नऊची चर्चा तिघांनी बसून पाहायची. मुलाने घड्याळ धरायचं: घटनास्थळावरचा बातमीदार किती मिनिटं बोलला, स्टुडिओतली माणसं किती मिनिटं आणि जाहिराती किती. तीन रकाने, खाली बेरीज. प्रकल्पाच्या वहीत शेवटच्या पानावर हा तक्ता छान दिसेल, आणि बेरजेवर कोणी काही बोलायची गरज पडणार नाही.

आणि या रविवारी वडिलांना फोन कराल तेव्हा भाव विचारून झाल्यावर एवढंही विचारा की गेल्या आंबियाचा माल कोणत्या व्यापाऱ्याने घेतला आणि बांगलादेशची गाडी कोणत्या नाक्यावरून जाते. पेट्रापोल म्हणाले तर कोलकात्याच्या ईशान्येला बघा, महदीपूर म्हणाले तर मालद्याजवळ. नकाशा मुलाला उघडायला सांगा.